नादकाटा

पंखांवरचा बर्फ वितळवायला
खाली दोघं जण नारिंगी पाणी फवारत होते.
मिनिआपोलिस, जानेवारी, उणे बावीस.
विमान तासभर जागचं हललं नव्हतं
आणि माझ्या शेजारी, सतरा-बी वर,
अबशिर गुलेद मला सांगत होता
पियानोचा घसा कसा बसतो ते.

"हिवाळ्यात लाकूड आकसतं.
आधी मधले स्वर उतरतात.
टोकाचे तग धरून राहतात, हट्टी असतात."
बिलिंग्जच्या एका चर्चमध्ये जुना पियानो,
रविवारी पोरांचा कार्यक्रम,
आणि त्याच्याइतक्या स्वस्तात जाणारं
दुसरं कुणी नव्हतं. हे सांगताना
तो स्वतःवरच हसला.

मग खिशातून नादकाटा काढला,
गुडघ्यावर हलकेच आपटला,
डोळे मिटून, ओठ हलवत
काहीतरी मोजलं.
"घ्या. कानामागच्या हाडाला टेकवा."

मी टेकवला.
माझ्या कवटीत एक स्वर उभा राहिला,
सरळ, लख्ख.
एकसष्टाव्या वर्षी
इतक्या आतून काही ऐकायची
सवय नसते.

पलीकडे, सतरा-सी वर,
एक बाई फोनवर भराभर लिहीत होती.
मला वाटलं, मुलाला लिहीत असेल.

दोन गणवेश आले.
"सर, सामान घ्या."
"काही चुकलं का?"
"बाहेर बोलू."
बाहेर बोलू म्हणतात,
तेव्हा बाहेर कुणी बोलत नाही,
हे त्याला माझ्याआधी कळलं.
तो सावकाश उठला,
दोन्ही तळवे दिसतील असे धरून.
वर्षानुवर्षांचा रियाज असावा
तसे ते हात होते.

"मॅडम, तुम्ही एकत्र आहात?"
"नाही. मी ओळखत नाही यांना."

खोटं नव्हतं.
मला फक्त एवढंच ठाऊक होतं :
मुलगी हिबाक, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
जन्म बेलेदवेनचा, नदीकाठचा.
पहिला पियानो ऐकला तो शेजाऱ्याच्या रेडिओवर,
आणि वाटलं, कुणीतरी भांडी फार प्रेमानं घासतंय.
दुपारचा नमाज राहिला होता, उतरल्यावर पढणार होता.

त्यानं माझ्या मुठीकडे पाहिलं.
नादकाटा माझ्या मुठीत होता.
तो काहीच बोलला नाही.
मला वाचवायला, की त्याला सुचलं नाही म्हणून?
हे मी इतक्यांदा आठवलंय
की आता त्यात माझीच भर पडत असणार.

तो गेल्यावर मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
फार नाहीत. दोन-तीन हात.
कप्तानानं उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली.
सगळ्यांना खारे शेंगदाणे फुकट.
मी खाल्ले.

बिलिंग्जला बहीण न्यायला आली.
रविवारी मी चर्चला गेले नाही.
कुठलं चर्च ते विचारलंच नव्हतं,
असं लॉर्नाला सांगितलं.
विचारलं होतं.

परतताना तपासणीच्या ट्रेमध्ये
किल्ल्यांशेजारी तो ठेवला :
दोन टोकांचं, वीतभर पोलाद.
कोवळ्या मिशांच्या पोरानं उचलला.
"हे काय?"
मी सांगितलं.
त्यानं टेबलाच्या कडेवर वाजवला,
कानाशी धरला,
आणि लहान मुलासारखा हसला.
"भारीच! प्रवास छान होवो, मॅडम."

कुणी मला बाजूला घेतलं नाही.
मी तिथंच उभी होते, जरा जास्तच वेळ,
मागची रांग खोळंबली तरी.

विमान कंपनीला तीन पत्रं लिहिली,
त्याचा पत्ता द्या म्हणून.
एकाचं उत्तर आलं :
प्रवाशांची माहिती
सुरक्षेच्या कारणास्तव
देता येत नाही.