तीन रात्री, तीन चाव्या

उधारी वसूल झाली ती अशी:
सत्तेचाळीस डझन टॉवेल, दिवाळीआधी पोचवलेले,
आणि मॅनेजर म्हणाला, येमुलशेट, रोख नाही ओ,
एक रात्र खोली घ्या.
दुसऱ्याने हे कुठूनसं ऐकलं, त्यानेही तेच सांगितलं.
तिसऱ्याने वर नाश्ता धरला.

मग नायनांनी तुळजापूर रोडच्या गंमतनगरीचे
तीन दिवसांचे पास काढले, चौघांचे,
स्वतःच्या खिशातून.
मी नववीत. वेणू दुसरीत.
घरापासून सव्वाचार किलोमीटरवर जायचं,
तर अम्माने बॅग भरली काशीला निघाल्यासारखी:
कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, बाम,
मार्कंडेयाचा छोटा फोटो
आणि चार टॉवेल.
टॉवेल कशाला, नायना म्हणाले.
असू देत की, ती म्हणाली.

पहिली रात्र मयूरेश एक्झिक्युटिव्ह, स्टेशनाच्या बाजूला.
आत शिरताच वेणूने एसीचा रिमोट धरला,
अम्माने टॉवेलचा काठ.
अंगठ्या-बोटात फिरवून, डोळे मिटून म्हणाली,
आपला. सातव्या मागाचा.
सातवा माग डाव्या कोपऱ्यात एक टाका सोडतो,
किती मिस्त्री आले नि गेले, सोडतोच.
त्या टॉवेलची घडी तिने कुणाला मोडू दिली नाही.

सकाळी दहाला खोली सोडायची,
पुढची दुपारी दोनला मिळायची.
मधल्या वेळात बॅग आमच्यासोबत गंमतनगरीत.
लॉकरचे पन्नास रुपये.
नायना म्हणाले, मी बसतो,
आणि बसले, प्लास्टरच्या डायनासोरच्या पोटाखाली,
तिथे थोडी सावली होती.
घसरगुंडीवरून खाली येताना दर खेपेला
मला ते दिसायचे: बॅग मांडीवर,
तिन्ही पास हातात,
बसस्टँडवर गाडीची वाट बघत असल्यासारखे.

दुसरी रात्र होटगी रोड, गोल्डन पाम.
निळा तलाव, काचेची लिफ्ट,
उशीवर एक चॉकलेट, ज्याचे वेणूने चार तुकडे केले.
टॉवेल ढगासारखा जाड.
अम्माने काठ शोधला. लेबल वाचलं मी:
पानिपत.
अठ्ठावीस डझन आपले कुठे असतील मग?
हे कुणी विचारलं नाही.
नायनांनी शर्टालाच हात पुसले,
अम्माने बॅगेतले चार बाहेर काढले.

तिसरी त्रिवेणी लॉज, नाक्यावर.
तिथे तो सापडला, बाथरूमच्या दाराशी,
चार पदरी, पाय पुसायला.
वेणू ओले पाय घेऊन धावत आला
आणि नायना ओरडले, ए!
उघड्या वायरवर पाय पडावा तसे.
वेणू एका पायावर उभा राहिला.
नायना वाकले. उचलला. झटकला.
ट्यूबलाइटपुढे धरून बराच वेळ बघितलं,
म्हणाले, चार वर्षं झाली असतील,
अजून विरला नाही बघ.
परत खाली ठेवला.
पूस बाळा, म्हणाले, त्यासाठीच ठेवलाय.

त्या रात्री कुणालाच झोप नाही.
मऊ गादी, पंखा, सगळं होतं,
खडखड नव्हती.
आमच्या गल्लीत दोन पाळ्यांत माग चालतात,
त्या आवाजातच आम्ही जन्मलो, मोठे झालो.
दोनच्या सुमारास जुना कूलर बिघडला,
खटक-खट, खटक-खट,
आणि नायना कूस बदलून घोरायला लागले.

सकाळी मॅनेजरने विचारलं, कसं वाटलं शेट?
नायनांनी बिलबुकात तीन ठिकाणी जमा लिहिलं,
सही घेतली,
म्हणाले, उन्हाळ्याची ऑर्डर किती डझन धरू?

पदा, पदा म्हणत रिक्षात कोंबलं आम्हाला.
आज कुठल्या हॉटेलात, वेणू विचारत राहिला
थेट घराच्या पायरीपर्यंत.

ओट्यावर बॅग उपसून
अम्माने टॉवेल मोजले धुवायला टाकताना.
पाच.
परत मोजले.
नायना तेलाचा डबा शोधायला आत गेले,
तो तर समोरच होता.
अम्माने पाचवा वेगळा भिजवला, गरम पाण्यात,
आणि आत सातवा माग सुरू झाला.