एक अंशाचं वर्तुळ

निगेटिव्ह चुका पोटात घालते.
पारदर्शिका घालत नाही.
तिच्याकडे अर्ध्या स्टॉपचीही उधारी नाही.
हे मला त्रुल्स हाउगेनने सांगितलं, ट्रोम्सोच्या दुकानात,
मीटर विकताना,
आणि वर म्हणाला, परत आणून देऊ नका.

शेवटच्या दोन शीट उरल्यात.
तीन वर्षं फ्रीजमध्ये होत्या, लोण्याच्या शेजारी.
मार्च महिना, लोफोटेन,
मांडवावर कॉड उलटे टांगलेले, शेपटीला शेपूट बांधून,
वाऱ्याने एकमेकांवर आपटतात
लाकडी चपलांसारखे.

मीटर डोळ्याला लावते.
आत एक वर्तुळ, एक अंशाचं,
हात लांब करून बघितलेल्या करंगळीच्या नखाएवढं.
तेवढंच त्याला दिसतं.
बर्फ दाखवा, म्हणतो करडा.
कोळसा दाखवा, म्हणतो करडा.
बाकी सगळं त्याने माझ्यावर सोडलंय.

डोंगरउतारावरचा बर्फ: तेरा.
माशांच्या पाठी: साडेदहा.
सावलीतलं पाणी: दहा.
आणि होडीघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत,
आयलर्ट.

बाहेर ये, मी म्हणते.
इथेच बरंय, तो म्हणतो.
सत्तर वर्षं हा माझा भाऊ
प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे उभा आहे.
वर्तुळ त्याच्या गालावर ठेवते.
साडेसात.

बर्फ आणि गाल, मध्ये साडेपाच स्टॉप.
एवढी लांब उडी या फिल्मला झेपत नाही.
कुणाला तरी सोडावं लागणार.

पहिली शीट बर्फासाठी.
बर्फ दोन स्टॉप वर बसवला, म्हणजे अकरा धरायचे,
सोळाचं छिद्र, सेकंदाचा आठवा भाग.
मासे उमटतील खवल्यासकट,
पाणी उमटेल.
दार काळं होईल, आणि दारातलं सगळं.
हे मी वहीत लिहिलं. लिहिताना
पेन्सिल थोडी जोरात दाबली गेली.

दुसरी शीट त्याच्यासाठी.
नऊ धरले. अर्धा सेकंद.
श्वास धर, मी ओरडले.
कधीचा धरलाय, तो म्हणाला,
आणि म्हणताना अर्थातच हलला.
थांबले. पुन्हा ओरडले.
या खेपेला तो गप्प राहिला
आणि मी शटर दाबलं.

ऑस्लोहून पाकीट यायला एकोणीस दिवस लागले.
लाइटबॉक्सवर दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या.
दुसरीत तो आहे:
स्वेटरचं तुटलेलं बटण,
कानाच्या पाळीवरची जुनी खोक,
आणि चेहऱ्यावर ते भाव, दंतवैद्याकडे बसल्यावरचे.
पण त्याच्या मागे डोंगर नाही.
डोंगराच्या जागी नुसती कोरी फिल्म,
जिच्यातून खालचा दिवा थेट डोळ्यात येतो.

पहिलीत डोंगर आहे, उताराची एकेक सुरकुती,
माशांवर गोठलेलं मीठ.
आणि एक काळं दार.

एकावर एक ठेवून पाहिल्या, उगाच, पोरकटपणे.
काळं काळंच राहिलं.
मला ते ठाऊक होतं.

संध्याकाळी आयलर्ट आला, बूट न काढता.
भिंग त्याच्या हाती दिलं.
दुसरी शीट त्याने क्षणभर पाहिली:
बर्फ कुठे गेला?
मग पहिलीवर वाकला. बराच वेळ.
ओठ हलत होते, मला वाटलं काही म्हणेल.
तो मासे मोजत होता.

तिसऱ्या रांगेत गाठ सैल आहे, म्हणाला,
ओलाच्या पोराने बांधलेली दिसते.
आणि मग त्या काळ्या दारावर,
जिथे मी वीस वर्षांत कुणाला बोट लावू दिलं नाही
अशा त्या गुळगुळीत बाजूवर,
माशाच्या तेलाने मऊ झालेला अंगठा टेकवून:
इथे मी.

तो गेल्यावर मी पुसायचं कापड काढलं.
शीट दिव्याकडे तिरपी धरली.
अंगठ्याच्या रेषा चमकल्या, गोल गोल,
बरोबर उंबऱ्याच्या आत.

कापड घडी करून ठेवून दिलं.