निशाणी तेवीस

भोसरीच्या शेडमधलं हजेरीचं रजिस्टर
साहेबांच्या कपाटात, कुलपात.
म्हणून तुपसौंदरबाईंनी कोर्टात आणलं
ओट्यावरचं कॅलेंडर,
तेलकट बोटांचं, खिळ्यापाशी फाटलेलं.
चौकटीत वर दुधाचं माप,
खाली पेन्सिलीनं ओव्हरटाइम.

कंपनीचे वकील हसले,
"हे दीड म्हणजे काय बाई? लिटर की तास?"
मागच्या बाकावर आम्ही अकरा जणी,
कुणी वर बघेना.

बाई म्हणाल्या, साहेब,
जिथं खाली चार आहे
तिथं वर काय आहे ते बघा.
शून्य.
गवळी संध्याकाळी सातला येतो.
दार उघडायला घरात होतं कोण?

न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
मार्च उलटला. एप्रिल.
मेमध्ये बराच वेळ थांबले.
मग शिक्का बसला: निशाणी तेवीस.
कॅलेंडर फायलीत गेलं,
आम्हाला पुढची तारीख.

शिवाजीनगरहून बस मिळेपर्यंत अंधारलं.
घरी गवळी दारातच उभा,
महिना संपला होता.
"हिशोब, ताई?"

ओट्यावर नुसता खिळा.
बाई म्हणाल्या,
"कोर्टात आहे.
तुझाही."