खोड

कोलवाळच्या फाटकाबाहेर
भेटीची पाळी येईस्तोवर
मिंगेल सुतार म्हणाला,
तुरुंग म्हणजे मुळात झाडच, बाय.
'त्रोंकु' म्हणायचे पाखले:
ओंडक्याला दोन भोकं,
त्यात माणसाचे पाय.

आपला खोडाही तसलाच, मी म्हटलं.
खोडाचाच.

मग दोघंही गप्प.
त्याच्या नखांत फणसाचा पिवळा भुसा,
माझ्या पिशवीत धुतलेली पँट, नाडी काढून.

शेजारीण दारात येऊन सांगायची,
तुमच्या सगुणाला खोड्या फार.
मी हसायचे.
हसायचेच.

आतून नाव पुकारलं.
उठले, तर दोन्ही पायांना मुंग्या.
मागं वळून पाहिलं:
बाकडं कसलं,
आंब्याचा ओंडका होता तो,
अजून साल न सुटलेला.