घरातली यारी

पुस्तकी मराठीत क्रेनला यारी म्हणतात.
गोदीत हा शब्द कुणी वापरत नाही,
तिथे ती क्रेनच, नाहीतर नुसतं 'चार नंबर'.
पण घरातल्या क्रेनला मी यारी म्हणतो.
जेवणाच्या टेबलावर उभी, दोन विती उंच,
भोकाभोकांच्या पट्ट्या, पितळी नटबोल्ट,
वायररोपऐवजी आकाशकंदिलाचा उरलेला दोरा.

लहानपणी मिळाली नाही म्हणून आता घेतली,
असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.
थाप आहे.
लहानपणी मला बॅट हवी होती, आणि ती मिळाली.
ही मला त्रेचाळिसाव्या वर्षी आवडली,
लोहार चाळीत वायरीचं बंडल आणायला गेलो तेव्हा,
आणि बोनसमधले साडेसातशे तिथेच गेले.
पण हौसेला एखादं जुनं दुःख जोडलं
की लोक माफ करतात.

मेहुणे प्रल्हादराव तरीही करत नाहीत.
शिवडीला आले की चप्पल काढता काढता विचारतात,
"काय, मोठे कधी होणार?"
त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात.
सख्ख्या भावाशी एका गाळ्यावरून
अकरा वर्षं बोललेले नाहीत.
हे मी त्यांना ऐकवत नाही.
वैजयंती म्हणते, हाच तुमचा समजूतदारपणा.
मला वाटतं, ती नुसती भीती आहे.

मार्चमधली गोष्ट.
पोलादाची गुंडाळी, अठरा टन,
जहाजाच्या पोटातून वर काढत होतो.
खाली इशाऱ्याला लाडकू, हिरवं हेल्मेट,
वरून वाटाण्याएवढा.
मी लिव्हर जरा लवकर ओढला.
एवढंच. जरासा.
गुंडाळी झुलली,
लाडकू जिथे उभा असतो तिथून गेली.
तो वाकून दोन पावलं मागे झाला होता,
कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

खाली उतरलो. बासष्ट पायऱ्या.
आजवर कधी मोजल्या नव्हत्या.
लाडकू म्हणाला, "वारा होता म्हणून लिव. कोन इचारतंय?"
रजिस्टरात 'कारण' नावाचा रकाना आहे,
दोन बोटं रुंद. वारा त्यात सहज मावला असता.
माझं नाव जरा दाटीवाटीने बसलं.
एक पगारवाढ गेली,
पंधरा दिवस जमिनीवर काढले.

त्या रात्री हात थांबत नव्हते.
वैजयंतीने काही विचारलं नाही.
चहा ठेवला, पुडा फोडला,
एक बिस्किट यारीखाली सरकवलं
आणि अंगठा वर केला.
फास तीनदा सुटला.
चौथ्यांदा बिस्किट उचललं,
साखरेच्या डब्यावरून फिरवून
तिच्या बशीत उतरवलं, आवाज न होता.
पाच-सहा ग्रॅम असेल.
घाम मात्र अठरा टनांचा.

मोठं होणं म्हणजे काय, मला नीट सांगता येणार नाही.
दोन क्रेन आहेत.
एकीखाली माणूस उभा असतो.
हे ज्याला चोवीस तास आठवतं
त्याने दुसरीशी हवं तेवढं खेळावं,
आणि मी तर एकदा विसरलोय,
म्हणून जास्तच.

रविवारी लाडकू आला, बोंबलाची पिशवी घेऊन.
यारीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
बोटाने दोरा ताणून पाहिला.
"मला चालवू दे."
"नातवासाठी शिकतोयस?"
"नातू कशाला? मीच."
छप्पन्न वर्षांचा माणूस, खुर्ची ओढून बसला,
जीभ दातांत धरून.
मी टेबलाच्या त्या टोकाला इशाऱ्याला उभा.
अंगठा वर. सावकाश. अजून. थांब. थांब!
मीठदाणी आडवी.

लाडकूने माझ्याकडे पाहिलं.
"वारा," म्हणाला.

वैजयंती हसून हसून भिंतीला टेकली.
मग सांडलेलं मीठ
त्यानेच तळहाताने गोळा केलं,
आम्ही नको म्हणत असतानाही,
टेबलाच्या फटीतलंसुद्धा.