अर्धा चोक

दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन
झिरो फाट्यावर बसलं ते बसलंच,
आणि मागं तीस जार पाणी
उन्हात कोमट होत राहिलं.

इलियास मिस्त्रीनं सीट उचलून टॉर्च मारली.
"याचं काही खरं नाही, गंगाधर.
नवं भरायचं तर पंचेचाळीस हजार.
नाहीतर माझ्याकडं एक पेट्रोलचं पडलंय."

मारुती व्हॅनचं. व्हॅन गेली जालन्याच्या भट्टीत,
सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये निजली असेल.
इंजिन तेवढं यानं उतरवून ठेवलेलं,
गोणपाटात, बाजेखाली,
कांदे ठेवतात तसं, हवा लागेल असं.

चार दिवस मी जिंतूर रोडला बसून होतो.
चॅनल कापून माउंटिंग केलं,
दोनदा वेल्डिंग मारलं, दोनदा तोडलं.
प्रोपेलर शाफ्ट चार बोटं लांब निघाला,
लेथवरून आला तर एक सूत आखूड.
"सूत म्हंजे किती?" बारक्या सोपाननं विचारलं.
मिस्त्रीनं त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली,
"एवढं."

पुस्तकात अजून डिझेलच लिहिलेलं.
"आधी आरटीओत अर्ज दे, मग गाडी चालव."
मी गाडी चालवली.
अर्ज सीटखाली आहे.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली.
जुनं इंजिन गल्लीच्या तोंडाशी आलं
की मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या,
बाया रिकामे जार ओट्यावर आणून ठेवायच्या,
"आला गं खडखड्या."
आता मी कुजबुजत येतो,
कुजबुजत जातो.
कारेगाव रोडची तीन घरं पहिल्याच दिवशी हुकली.
हॉर्न मारला तर एक म्हातारा म्हणाला,
"कामून बोंबलायलास सकाळी सकाळी?"

एकच दार आपोआप उघडायचं.
आष्टीकरबाई. जनावराच्या डॉक्टरांच्या.
डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली.
त्यांना जार लागतो आठवड्याला एक,
पण त्या रोज फाटकाशी.
मला वाटायचं, एकटं माणूस,
तहान नसली तरी कुणीतरी लागतं बोलायला.
बोलत तर काहीच नसत.
बघत, तेही माझ्याकडं नाही,
सीटच्या खाली.

पौषात परभणीचा पारा सहावर आला.
प्लांटपासून त्यांची दुसरीच गल्ली, इंजिन अजून गार,
आणि त्यांच्याच दारात गाडी बंद पडली.
चोक ओढला, सेल्फ मारला,
खुर्र, खुर्र, गप्प.
पुन्हा ओढला.
गल्लीभर पेट्रोलचा वास.

"अर्धाच ओढा," त्या फाटकातून म्हणाल्या.
"पूर्ण ओढला की रुसतं ते.
पाय उचला आधी. दहापर्यंत मोजा."

मी मोजू लागलो.
सहाला मान वळवली
तर त्यांचेही ओठ हलत होते,
सात, आठ.

अर्धा ओढला.
लागलं.

मी काही विचारलं नाही.
"म्हशी अडायच्या ना रात्री-बेरात्री," त्याच म्हणाल्या,
"पिंगळीला, दैठण्याला.
मी टॉर्च धरून शेजारी बसायची."

मी एक भरलेला जार काढायला गेलो,
पैसे घेणार नव्हतो.
"नको," त्या म्हणाल्या, "आहे घरात.
बंद तेवढी करू नका.
इथंच राहू द्या चालू, गरम होईपर्यंत."

पेट्रोल शंभराच्या वर.
मी मनात थेंब मोजत होतो, खोटं कशाला बोलू.
मग हँडब्रेक ओढला,
खाली उतरलो
आणि टायरची हवा बघत बसलो.
चारी टायरची.
नंतर स्टेपनीची.