सातवा रकाना

ऐंशी मीटरच्या मनोऱ्याला ताणाच्या तारा,
प्रत्येक तारेच्या बुडाशी बांधलेली एक शेळी.
एवढा पक्का खुंटा या वाळूत दुसरा नाही.
सिग्रिड पहिल्या दिवशी हसली,
मग वहीत लिहिलं: स्थानिक उपयोग.

मी दुभाषा. मला तासाचे पैसे मिळतात.
वाऱ्याचे अजून कुणालाच नाहीत.

तुर्काना सरोवराच्या या काठावर
वारा पहाटे तीनला उठतो,
काळ्या दगडांवरून घरंगळत येतो, तोंडात वाळू घेऊन.
दुपारी पेंगतो.
सिग्रिडचा आलेख हेच सांगतो, चौदा महिने मोजून.
म्हातारा एकुवाम हेच सांगतो, न मोजता.
एकुवाम म्हणजे आमच्या भाषेत वारा.
तो जन्मला त्या रात्री झोपडीचं छप्पर उडालं;
आईनं आधी नाव ठेवलं, छप्पर मग शोधलं.

प्रश्नावली: विकासावर परिणाम करणारे घटक.
वेग. घनता.
रस्ता (पातं बासष्ट मीटरचं, घाटातली वळणं आखूड).
वीजवाहिनी: चारशे किलोमीटरवर, कागदावर.
कर्जाचं व्याज, आणि नैरोबीतली एक सही.
जमीन कुणाची?

इथं अडलो.
'कुणाची' हे आमच्यात विहिरीला विचारतात, गाढवाला विचारतात.
जमिनीला विचारायची रीत नाही.
मी विचारलं, आजोबा, वारा जातो तो कुणाला विचारून?
भाषांतर चुकीचं. त्याचेही पैसे घेतले मी.

एकुवाम तंबाखू चघळत राहिला.
"माझ्याच नावाला गिऱ्हाईक आलंय म्हण की.
लिही, साठ वर्षं खाल्ला हा वारा.
अर्धे डोळे त्यानं नेले, मी हिशोब मागितला नाही.
आता तो विकला जाणार असेल
तर माझ्या लेकीच्या झोपडीत दिवा लागेल का, विचार तिला.
तिकडे दक्षिणेला बघून आलोय मी:
तार डोक्यावरून जाते,
खाली उतरत नाही.
आम्हाला वाऱ्यावर सोडायला
वेगळं यंत्र लागत नाही."

सिग्रिड म्हणाली, हे कुठल्या रकान्यात?
छापलेले सहाच होते.
तिनं पेननं सातवी रेघ ओढली.
कागद फडफडत होता; रेघ वाकडी गेली.

निघताना तिला आठवलं:
जूनमधल्या तीन रात्रींची नोंद नाही,
वर मापकाची वाटी तुटली होती.
मी हे सहज एकुवामला सांगितलं.

तो उठून बसला.
"जागा होतो मी तिन्ही रात्री.
लिहून घ्या."